विचारणाऱ्याचा कागद : प्रौढांचे लैंगिक शिक्षण आणि बारामती-इंदापूर प्रांतीच्या संग्राहकांस एक विनंती

जुन्या घराण्यांची दप्तरे पाहावयास जाणाऱ्या संशोधकापुढे घरधनी कोणते कागद मांडतात, ह्याचा एक ठरीव क्रम आहे. सनदा, वतनपत्रे व महजर प्रथम येतात. मागाहून पोथ्यांचे रुमाल सुटतात. वैद्यकाची बाडे मागितल्यावर निघतात. स्त्रीपुरुषसंबंधाविषयीचे जे काही लिखित वा छापील घरात असेल, ते मात्र संशोधकाची चाहूल लागताच आतल्या खोलीत जाते आणि घर विकावयाच्या वेळी चुलीत वा रद्दीत जाते. ह्या लज्जेबद्दल आम्ही कोणास दोष देत नाही. परंतु तिच्यामुळे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचे एक संबंध प्रकरण साधनांवाचून राहण्याचा प्रसंग आला आहे, आणि ते प्रकरण म्हणजे वयात आलेल्या, संसारात पडलेल्या माणसांस कामविषयक ज्ञान कोणी व कसे दिले, हे होय. प्रस्तुत लेखात ह्या प्रकरणाची स्थूल रूपरेषा देऊन संग्राहकांनी काय राखावे, हे सांगण्याचा आमचा हेतू आहे.

बारामती व इंदापूर ह्या दोन तालुक्यांच्या संग्राहकांस उद्देशून लिहिण्यास कारण आहे. कऱ्हेकाठी बाबूजी नाइकांच्या आश्रयाने कविवर्य मोरोपंत (1729-1794) नांदले, त्यामुळे बारामतीस पोथ्या जतन करण्याची परंपरा जुनी आहे. इंदापूर हे भोसले घराण्याच्या आरंभकाळाशी, मालोजीराजांच्या नावाशी निगडित असल्यामुळे तेथील लोकांस जुन्या कागदांचे मोल निराळे सांगावयास नको. शिवाय इंदापूर हे पुणे-सोलापूर हमरस्त्यावरचे गाव असून, प्रस्तुत विषयाच्या आधुनिक इतिहासात त्या रस्त्याच्या दोन्ही टोकांस महत्त्वाचे कार्य झाले आहे. ते पुढे येईलच.

आरंभी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ह्या विषयाचे ज्ञान आमच्याकडे नव्हतेच आणि ते परदेशातून आले, अशी एक समजूत आहे. सर्व काही प्राचीन ग्रंथांत होते, नवीन काही शिकावयाचे नव्हते, अशी दुसरी. दोन्ही समजुती साधनांपुढे टिकत नाहीत. वात्स्यायनाच्या कामसूत्रात विद्यासमुद्देश नावाचा अध्याय आहे. स्त्रियांस शास्त्राचे ग्रहण होत नाही, म्हणून त्यांस हे शास्त्र शिकविणे व्यर्थ होय, असा पूर्वपक्ष तेथे मांडून ग्रंथकाराने तो खोडून काढला आहे. इतकेच नव्हे, तर कन्येस हे ज्ञान कोणी द्यावे ह्याची यादीही त्याने दिली आहे. बरोबर वाढलेली व विवाह झालेली दाईची कन्या, विश्वासातील सखी, समवयस्क मावशी, मावशीच्या ठिकाणी मानलेली वृद्ध दासी, पूर्वपरिचित भिक्षुणी आणि वडील बहीण, हे ते शिक्षक होत. शिक्षक कोण, हा प्रश्न इतक्या प्राचीन काळी इतक्या नेमकेपणाने विचारला गेला, हे विशेष आहे. यादीतील प्रत्येक व्यक्ती विश्वासातील आहे. भिक्षुणी वगळता बाकीच्या घरच्या वा घराशी जोडलेल्या आहेत. आणि बहुतेकींस त्या विषयाचा स्वतःचा अनुभव आहे, हेही लक्षात घ्यावे.

पुढील ग्रंथकारांनी ही शिक्षकांची बाजू सोडून दिली. कोक्कोकाचे रतिरहस्य व लोदी अमदानीत कल्याणमल्लाने लाडखानाकरिता रचलेला अनंगरंग ह्यांचा ओढा वर्गीकरणाकडे आहे. स्त्रीपुरुषांच्या जाती, तिथी, देशाचार ह्यांच्या याद्या त्यांत भरल्या आहेत. ‘कोकशास्त्र’ हे सामान्यनाम पुढे ज्या चोपड्यांस लागले, त्या ह्याच परंपरेच्या. कामसूत्राच्या मुद्रणाचा इतिहासही बोधप्रद आहे. 1883 साली निघालेल्या इंग्रजी भाषांतराच्या पाठीशी बर्टन व आर्बथनॉट ह्यांची नावे असली, तरी मूळ श्रम पंडित भगवानलाल इंद्रजी व शिवराम परशुराम भिडे ह्यांचे होते आणि त्यासाठी काशी, कलकत्ता व जयपूर येथून हस्तलिखिते मिळवावी लागली होती. ते भाषांतर ‘खाजगी प्रसारार्थ’ म्हणून छापले गेले. 1891 साली पंडित दुर्गाप्रसादांनी मूळ संस्कृत ग्रंथ मुंबईस संपादिला. म्हणजे ग्रंथ उपलब्ध झाला, परंतु तो संस्कृतज्ञास व धनिकास. बारामतीच्या बाजारात मीठमिरची घेणाऱ्या कुटुंबास त्याचा उपयोग शून्य होता.

त्या कुटुंबाचे शिक्षण निराळ्या वाटेने होत होते. सुईण, आजी, थोरली जाऊ ह्या स्त्रियांच्या बाजूस; फडावरची लावणी पुरुषांच्या बाजूस. लावणीकार रामजोशी सोलापूरचे. शृंगारिक लावण्यांनी गाजलेल्या ह्याच पुरुषाने पुढे मोरोपंतांच्या आर्या कीर्तनांतून गाऊन लोकांत नेल्या, हे प्रसिद्ध आहे. एकाच कंठात शृंगार व भक्ती दोन्ही नांदत होत्या आणि ऐकणारा समाजही तोच होता. मात्र लावणीतून रसिकता मिळे, शरीराची माहिती मिळत नसे. आणि सुईणीकडे माहिती असली, तरी ती प्रसूतीपुरती व तोंडी. ह्या तोंडी ज्ञानाचा कागद उरलेला नाही. जो थोडा उरला असेल तो वैद्यकाच्या बाडांतून. वाजीकरण हे आयुर्वेदाच्या अष्टांगांपैकी एक असल्यामुळे तद्विषयक योग अशा बाडांत येणे स्वाभाविक आहे, आणि त्यांच्या समासांत कोणी काही टिपून ठेवले असल्यास ते मूळ योगाहूनही मोलाचे समजावे.

हा विषय प्रथम चव्हाट्यावर आला तो संमतिवयाच्या वादात. 1891 च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेले, तेव्हा पुण्यात गर्भाधानविधीच्या कालावरून जी रणे माजली, त्यांत डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या पंडितांनी धर्मशास्त्राची वचने छाननीस घेतली. त्या वादाचे कागद विपुल आहेत. त्यांत शास्त्री बोलतात, संपादक बोलतात, सरकार बोलते. जिच्या शरीराविषयी वाद, ती बोलत नाही. डॉ. रखमाबाईंचा अपवाद वगळता त्या काळच्या दप्तरात तिचा शब्द विरळाच.

इतिहाससंशोधकांस हा विषय परका नाही, ह्याचेही स्मरण द्यावयास हवे. 1910 साली भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना करणारे वि. का. राजवाडे ह्यांनी उत्तरायुष्यात भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावर लेखन केले आणि प्राचीन स्त्रीपुरुषसंबंधांची चर्चा कोणतीही भीड न ठेवता केली. ते लेखन अनेकांस रुचले नाही. परंतु ज्या पुरुषाने गावोगाव हिंडून मराठ्यांच्या इतिहासाची साधने जमविली, त्यास हा विषय इतिहासाच्या कक्षेबाहेरचा वाटला नाही, एवढे आजच्या संकोची संग्राहकास पुरे व्हावे.

आता ज्याच्यामुळे ह्या प्रकरणास खरे वळण लागले, त्या पुरुषाकडे येऊ. रघुनाथ धोंडो कर्वे (1882-1953) हे महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांचे ज्येष्ठ पुत्र. व्यवसायाने गणिताचे प्राध्यापक; फ्रान्समध्ये काही काळ अध्ययन केलेले. 1921 साली त्यांनी मुंबईस संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपले केंद्र उघडले तेही त्याच वर्षी, म्हणजे ह्या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. 1923 साली त्यांचे संततिनियमनावरील पुस्तक निघाले. ह्या कार्यापायी त्यांस विल्सन कॉलेजातील जागा सोडावी लागली. पत्नी मालतीबाईंची साथ नसती तर पुढील तीन दशकांचा खटाटोप चालला नसता. जुलै 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि 1953 मधील आपल्या मृत्यूपर्यंत ते निष्ठेने चालविले.

ह्या मासिकाचे ऐतिहासिक महत्त्व त्यातील मतांवरून सामान्यतः ठरविले जाते. आम्हांस ते वाचकांच्या पत्रव्यवहारावरून ठरवावेसे वाटते. वाचक आपल्या अडचणी लिहून पाठवीत आणि कर्वे त्यांस अंकातून उत्तरे देत. आजवर ग्रंथकार, शास्त्री व वैद्य सांगत आले होते. येथे मराठी गृहस्थाश्रमी माणसाने प्रथमच स्वतःच्या भाषेत, छापील पानावर, प्रश्न विचारला. वरवर पाहता ही बाब लहान दिसते. परंतु न विचारता दिलेले ज्ञान ऐकणाऱ्याच्या गरजेस लागू पडेलच असे नाही. विचारणाऱ्याच्या तोंडून मात्र त्याचे अज्ञान, भीती व आशा एकदम प्रकट होतात. रतिरहस्याच्या शंभर प्रतींवरून एका मराठी संसाराची जी कल्पना येणार नाही, ती अशा एका प्रश्नावरून येते.

आणि सरकारचा रोष ओढवला तोही ह्याच पानांवर. 1931 साली व्यभिचारविषयक एका लेखाबद्दल कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला होऊन शंभर रुपये दंड झालेला होता. दुसरा खटला 1934 चा. डिसेंबर 1933 च्या अंकात वाचकांच्या खाजगी प्रश्नांस दिलेली उत्तरे हा त्यातील आरोपाचा विषय होता. ह्या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांनी घेतले. लेखनाचा विषय लैंगिक आहे एवढ्यावरून ते अश्लील ठरू नये आणि लोकांच्या मनात असे प्रश्न असतील तर त्यांस ज्ञानाने उत्तर देणेच इष्ट, हा त्यांच्या बचावाचा गाभा होता. एप्रिल 1934 मध्ये निकाल विरुद्ध लागला आणि कर्व्यांस दोनशे रुपये दंड भरावा लागला. अस्पृश्यतेविरुद्ध झगडणाऱ्या पुढाऱ्याने एका गणितज्ञाच्या मासिकासाठी उभे राहावे, ह्यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. ज्ञान कोणास द्यावे व कोणास देऊ नये, हा अधिकार कोणी कोणाकडे सोपविला, हाच उभयतांच्या लढ्यांचा समान प्रश्न होता. 1938 च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, तेव्हाही आंबेडकरांचे मत त्याच्या बाजूचे होते. ठराव नामंजूर झाला.

कायद्याने शेवटी कोणता पक्ष घेतला, तेही नमूद करावयास हवे. 1969 साली भारतीय दंडसंहितेच्या कलम 292 मध्ये दुरुस्ती होऊन विज्ञान, साहित्य, कला वा विद्या ह्यांच्या हितार्थ, लोककल्याणाच्या कारणाने समर्थनीय ठरणारे प्रकाशन अश्लीलतेच्या आरोपातून वगळण्यात आले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेच्या कलम 294 मध्येही हा अपवाद कायम आहे. कर्व्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी त्यांच्या वकिलाचे म्हणणे कायद्याच्या पुस्तकात आले.

कर्वे एकटेच होते असेही नव्हे. इंदापुरावरून जाणाऱ्या हमरस्त्याच्या पूर्वेकडील टोकास, सोलापुरात, 1929 साली डॉ. ए. पी. पिल्ले ह्यांनी सुप्रजनन-शिक्षणाची एक संस्था स्थापिली, आणि 1934 पासून मुंबईहून ‘मॅरेज हायजीन’ हे इंग्रजी नियतकालिक काढून जगातील ह्या विषयाच्या तज्ज्ञांस तेथे लिहिते केले. रस्त्याच्या पश्चिमेकडील टोकास, पुण्यात, रँग्लर परांजप्यांच्या कन्या शकुंतलाबाई परांजपे ह्यांनी 1938 पासून संततिनियमनाचे कार्य हाती घेतले. ह्या तिन्ही कार्यांची तुलना करता एक भेद डोळ्यांत भरतो. पिल्ल्यांच्या विचारात ‘चांगली प्रजा’ हे ध्येय असल्यामुळे कोणी प्रजा उत्पन्न करावी व कोणी करू नये, हे ठरविण्याचा अधिकार तज्ज्ञाकडे जातो. सुप्रजननाचा उल्लेख कर्व्यांच्या काळच्या बहुतेक सुधारकांच्या लेखनात आढळतो व तो भाग टीकेस पात्र आहे. परंतु प्रश्नोत्तरांच्या पानावर हा अधिकार तज्ज्ञाकडे राहत नाही. तेथे विचारणारा आपली गरज सांगतो आणि शिकविणारा तिचा सेवक होतो.

हा भेद केवळ तात्त्विक नव्हता, हे पुढील काळाने दाखविले. 1949 साली मुंबईस भारतीय कुटुंबनियोजन संघ स्थापन झाला; 1952 मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आरंभिला. कर्व्यांनी एकट्याने ओढलेला गाडा राज्यसंस्थेने उचलला, ही गोष्ट स्तुत्यच. परंतु सरकारी कार्यक्रमास लवकरच संख्येचा हव्यास लागला. आणीबाणीत, 1976 साली, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अंमलात आले नाही. त्या काळच्या दप्तरात आकडे सापडतात, फलक सापडतात. प्रश्न विचारणारा माणूस तेथून पुन्हा नाहीसा झाला.

तो नाहीसा झाल्याची किंमत काय, हे 1989 साली कळले. गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील 650 स्त्रियांची तपासणी करून डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले की त्यांपैकी 92 टक्के स्त्रियांस स्त्रीरोगविषयक विकार होते. पूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा आठच होत्या. ह्या स्त्रियांस कोणी विचारले नव्हते आणि कोणास विचारावे हे त्यांसही ठाऊक नव्हते. बारामती तालुक्यास लागून असलेल्या पुरंदर तालुक्यात 1987 पासून ‘मासूम’ ह्या संस्थेने गावच्याच स्त्रियांस आरोग्यकार्यकर्त्या म्हणून तयार केले, आपल्या शरीराची ओळख आपणच करून घेण्याचे शिक्षण दिले आणि त्यांस ‘सदाफुली’ हे गोड नाव दिले. वात्स्यायनाच्या यादीतील विश्वासातील सखी व वडील बहीण ह्यांची येथे आठवण होते. शिकविणारी पुन्हा गावातली, ओळखीची, स्वतः अनुभव घेतलेली अशी झाली. मात्र आता तिच्या हाती वैद्यकाचे प्रमाणित ज्ञान आहे, हा मोठा फरक.

ह्या कार्याची गरज संपली आहे, असे कोणी समजू नये. नीरेच्या कालव्यांमुळे बारामती व इंदापूर हा उसाचा मुलूख झाला आणि मराठवाड्यातील ऊसतोडणी कुटुंबे दर हंगामास साखर कारखान्यांच्या मुलुखात येत राहिली. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांत गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया विलक्षण प्रमाणात झाल्याचे उघडकीस आल्यावर 2019 साली विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. ज्या बाईस गर्भाशयाचे कार्यच कोणी सांगितले नाही, तिची त्या शस्त्रक्रियेस दिलेली संमती कशास संमती म्हणावी, हा प्रश्न 1934 च्या खटल्याच्याच कुळातला आहे. दुसऱ्या बाजूस, मुंबईत डॉ. महिंदर वत्स ह्यांनी 2020 मधील आपल्या निधनापर्यंत वृत्तपत्रातून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांस मोकळी, विनोदी व वैद्यकास धरून उत्तरे दिली. कर्व्यांचे प्रश्नोत्तरांचे पान त्यांच्या मागे बंद पडले नाही, हे समाधान आहे.

आता संग्राहकांस विनंती. कर्व्यांचे लेखन डॉ. अनंत देशमुख ह्यांनी परिश्रमपूर्वक संपादून ठेवले आहे, य. दि. फडक्यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे. म्हणजे उत्तर देणाऱ्याची बाजू सुरक्षित झाली. विचारणाऱ्याची बाजू घराघरांत विखुरलेली आहे. ‘समाजस्वास्थ्या’चा सुटा अंक, समासात केलेली खूण, मासिकास लिहिलेल्या पत्राचा कच्चा खर्डा, सुईणीने सांगितले म्हणून कोणी वहीत उतरलेला तोडगा, कुटुंबनियोजन केंद्राचे हस्तपत्रक, आरोग्यकार्यकर्तीची टिपणवही, ह्यांपैकी काहीही आढळल्यास ते रद्दी समजू नये. वैद्यकाच्या बाडांची सूची करताना ह्या विषयाची पाने ‘अनुपयुक्त’ म्हणून गाळू नयेत. विषय नोंदवावा, लिपिकाल व लेखनिक नोंदवावा, कागद जसा बांधलेला सापडला तसा ठेवावा.

मात्र एक बंधन कसोशीने पाळावे. वतनाच्या कागदात नाव असणे भूषण असते. अशा कागदात ते असणे जिवंत माणसास जाच होऊ शकतो. म्हणून अलीकडील कागदांतील नावगाव प्रसिद्ध करू नये, मूळ प्रत मोहोरबंद ठेवावी, अभ्यासकास नाव झाकलेली नक्कल द्यावी, आणि किती वर्षांनी मूळ उघडावयाचे ते घरच्यांशी लेखी ठरवावे. ज्याने विश्वासाने विचारले, त्याचा विश्वास मोडून मिळविलेले साधन आम्हांस नको.

मोरोपंतांच्या आर्यांच्या पोथ्या ज्या हातांनी ओल व वाळवीपासून राखल्या, त्याच हातांनी हे कागदही राखावेत. बंद लिफाफ्यातील एखादा प्रश्न, कितीही अडखळत लिहिलेला असो, पुढील पिढीच्या इतिहासकारास आमच्या काळातील संसार कसा होता हे सांगेल. तो कागद ज्यांच्या संग्रही असेल, त्यांनी त्याची निदान नोंद तरी करून ठेवावी, एवढेच आमचे मागणे आहे.